घेतलेला कर लोकांच्याच खात्यात: कॅनडाचा सहा वर्षांचा प्रयोग

२२ एप्रिल २०२५ रोजी कॅनडातल्या आठ प्रांतांमधल्या कुटुंबांना 'कॅनडा कार्बन रिबेट'चा, म्हणजे कार्बन कराच्या परताव्याचा, शेवटचा हप्ता मिळाला. त्याआधी तीन आठवडे, १ एप्रिलला, पेट्रोल आणि घरगुती गॅसवरचा कार्बन कर बंद झाला होता. पेट्रोलपंपावर लिटरमागे सतरा-अठरा सेंट कमी झाले आणि त्याचा आनंद लोकांनी उघडपणे व्यक्त केला. आता दर तीन महिन्यांनी येणारे पैसे बंद होणार, याची हळहळ मात्र फारशी ऐकू आली नाही. बहुतेक कुटुंबांना करापेक्षा परतावा जास्त मिळत होता, आणि तरीही कर गेल्याचं लोकांना बरं वाटलं. असं का झालं हे समजून घ्यायचं असेल, तर आधी या योजनेचं गणित नीट पाहायला हवं.

सुरुवात एक लिटर पेट्रोलपासून करू. ते जाळलं की साधारण सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातून होणाऱ्या नुकसानीची, म्हणजे उष्णतेच्या लाटा, वणवे, पूर, बुडालेली पिकं यांची भरपाई पेट्रोल विकणारा करत नाही आणि भरणाराही करत नाही. तो खर्च कुणाच्याच बिलात नसतो. हा खर्च किमतीत धरायचा, म्हणजे जो जितकं जाळेल त्याने तितके पैसे मोजायचे, हा कार्बन कराचा साधा विचार. कॅनडात केंद्र सरकारने २०१९ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० कॅनडियन डॉलर दर लावला आणि दरवर्षी तो वाढवत नेला. २०२४ मध्ये टनाला ८० डॉलर झाले. त्याचा पेट्रोलवरचा हिशेब होता लिटरला १७.६१ सेंट. घर तापवायला वापरतात त्या नैसर्गिक वायूवर घनमीटरला १५.२५ सेंट. २०३० पर्यंत हा दर टनाला १७० डॉलरवर न्यायचं ठरलं होतं.

एवढंच असतं तर तो नेहमीसारखा इंधनकर ठरला असता. वेगळेपण होतं ते जमलेल्या पैशांचं काय करायचं यात. ज्या प्रांतातून पैसे जमा झाले, त्याच प्रांतातल्या लोकांना त्यातले जवळपास ९० टक्के थेट परत दिले जात. उरलेले लहान उद्योग, मूलनिवासी समुदाय वगैरेंसाठी. घरात माणसं किती, यावर रक्कम ठरायची. कुणी किती पेट्रोल जाळलं, उत्पन्न किती, घर केवढं, याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: परतच द्यायचे, तर घ्यायचे कशाला? एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने दिल्यावर माणूस पेट्रोल कमी का वापरेल?

एखाद्या हाउसिंग सोसायटीत पाणी बेसुमार वापरलं जातंय असं समजा. सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवलं, दर हजार लिटरला पैसे लावले आणि वर्षाअखेरीला जमलेली सगळी रक्कम सगळ्या फ्लॅटमध्ये सारखी वाटून टाकली. आता ज्याचा नळ दिवसभर वाहतो त्याचं बिल मोठं येणार आणि परत मिळणार सगळ्यांइतकंच. जो जपून वापरतो त्याच्या पदरात उलट चार पैसे पडणार. सोसायटीच्या तिजोरीत काहीच राहिलं नाही, पण नळ बंद करण्याचं कारण प्रत्येकाला मिळालं, कारण वाचवलेल्या प्रत्येक हजार लिटरचे पैसे त्याचेच राहतात आणि वाटणीतला हिस्सा त्यामुळे कमी होत नाही.

हेच ऑन्टारिओ प्रांताच्या आकड्यांत पाहू. २०२४-२५ या वर्षात तिथे चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,१२० डॉलर मिळत होते, दर तिमाहीला २८०. समजा या कुटुंबाकडे दोन गाड्या आहेत आणि वर्षाला २,००० लिटर पेट्रोल लागतं. त्यावरचा कार्बन कर ३५२ डॉलर. घर तापवायला २,३०० घनमीटर वायू, त्यावर ३५१ डॉलर. या करावर पुन्हा १३ टक्के विक्रीकर लागायचा (करावर कर कशाला, ही तक्रार मला रास्त वाटते). सगळं धरून झाले ७९४ डॉलर. हातात आले १,१२०. किराणा, वाहतूक यांच्या किमतीत लपून आलेला कर वजा केला, तरी सव्वातीनशे डॉलरच्या या फरकातलं काहीतरी शिल्लक राहतंच.

त्याच गावात एखाद्याचं प्रशस्त घर आहे, तीन मोठ्या गाड्या आहेत, वर्षाला ५,००० लिटर पेट्रोल आणि ४,५०० घनमीटर वायू लागतो. त्याचा कर विक्रीकरासह १,७७० डॉलर होतो, आणि परत मिळतात तेच १,१२०. त्याला साडेसहाशेचा फटका. त्याने एक गाडी कमी करून हजार लिटर वाचवले, तर कराचे दोनशे डॉलर वाचले, पेट्रोलची किंमत तर वेगळीच. परताव्याला हात लागत नाही.

म्हणजे पेट्रोलची किंमत आपलं काम करत राहते आणि परताव्यामुळे गरिबाचं कंबरडं मोडत नाही. गरीब माणूस आपल्या उत्पन्नाच्या मानाने इंधनावर जास्त खर्च करतो हे खरं, पण एकूण जाळतो श्रीमंतापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून सगळ्यांना सारखी रक्कम दिली की तराजू आपोआप खालच्या उत्पन्नाच्या घरांकडे झुकतो. नुसता इंधनकर लावून पैसे तिजोरीत टाकले, तर तोच कर गरिबावर अन्याय ठरतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एका जाहीर निवेदनात हीच मागणी केली होती: कार्बनवर वाढता कर, आणि सगळा पैसा नागरिकांना समान वाटून परत. पुढे साडेतीन हजारांहून जास्त जणांनी त्यावर सह्या केल्या. फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हा हयात असलेले चारही माजी अध्यक्ष त्यात होते. राजकीय मतं अगदी वेगळी असलेली माणसं एका कागदावर आली, ती या वाटणीमुळे.

ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, वॉटर्लू या भागात गेल्या काही वर्षांत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा हप्ता ओळखीचा असेल. नागरिकत्वाची अट नव्हती. करासाठी रहिवासी असणं आणि टॅक्स रिटर्न भरणं पुरेसं होतं. नव्याने आलेल्याला एक अर्ज भरून द्यावा लागे. ऑन्टारिओत एकट्या माणसाला तिमाहीला १४० डॉलर, वर्षाला ५६०. बसने फिरणाऱ्या आणि चौघांत एक बेसमेंट भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचा स्वतःचा कार्बन कर यापेक्षा कितीतरी कमी भरत असणार. उत्पन्नच नाही तर रिटर्न कशाला भरायचं, असं समजून ज्यांनी ते भरलं नाही, त्यांचे हे पैसे राहून गेले.

प्रांताप्रांतांतला फरकही समजून घेण्यासारखा आहे. २०२४-२५ मध्ये चौघांच्या कुटुंबाला अल्बर्टात १,८०० डॉलर, सस्कॅचवानमध्ये १,५०४, तर न्यू ब्रन्सविकमध्ये ७६०. अल्बर्टाचे लाड चालले होते असं नाही. जिथे इंधन जास्त जळतं तिथे कर जास्त जमतो, आणि जिथला पैसा तिथेच परत जायचा. गावाकडे राहणाऱ्यांना बस-मेट्रोची सोय नाही म्हणून त्यांना आधी १० टक्के आणि २०२४ पासून २० टक्के जास्त.

मग एवढी नेटकी योजना कोसळली कशी?

माझ्या मते याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कर रोज दिसत होता आणि परतावा दिसतच नव्हता. पेट्रोलपंपावरचा आकडा माणूस आठवड्यातून एकदा तरी बघतो. गॅसच्या बिलावर कार्बन कराची वेगळी ओळ छापून यायची. २०१९ मध्ये ऑन्टारिओच्या प्रांतिक सरकारने तर कायदाच केला की प्रत्येक पंपावर केंद्राच्या कार्बन कराचं स्टिकर लावायचं. त्यावर लिटरमागे आता किती आणि २०२२ मध्ये किती होणार हे लिहिलेलं होतं. परताव्याचा उल्लेखही नव्हता. २०२० मध्ये न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली, पण तोवर स्टिकरने आपलं काम केलं होतं.

आणि परतावा? पहिली तीन वर्षं तो वेगळा येतच नव्हता. वर्षातून एकदा टॅक्स रिटर्नमध्ये एका रकान्यात तो मांडायचा आणि एकूण रिफंडमध्ये तो मिसळून जायचा. त्यातले कार्बनचे किती, हे हिशेब ठेवणारा सोडून कुणाला कळणार? जुलै २०२२ पासून दर तिमाहीला थेट खात्यात जमा होऊ लागला तेव्हाही त्याचं नाव होतं 'क्लायमेट अ‍ॅक्शन इन्सेन्टिव्ह पेमेंट'. भरलेल्या कराचे हे पैसे आहेत, हे त्या नावावरून कुणाच्याही लक्षात येण्यासारखं नव्हतं. बँकेच्या स्टेटमेंटवर तर प्रत्येक बँक आपापल्या पद्धतीने नोंद करायची. कुठे नुसतं सरकारकडून जमा, एवढंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव बदलून 'कॅनडा कार्बन रिबेट' केलं आणि नोंद नीट करा म्हणून सरकारला बँकांच्या मागे लागावं लागलं. तोवर पाच वर्षं उलटली होती.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवराबायकोला मिळून एकच रक्कम यायची, आणि ज्याचं रिटर्न आधी तपासून झालं त्याच्या खात्यात. म्हणजे लग्न झालेल्या निम्म्या माणसांनी हा हप्ता स्वतःच्या खात्यात कधी पाहिलाच नाही. पेट्रोल मात्र दोघंही भरत होते. आपल्याला काही मिळालंच नाही, असं सर्वेक्षणांत शपथेवर सांगणारी माणसं खोटं बोलत नव्हती.

दुसरी चूक ऑक्टोबर २०२३ मधली. अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत बरीच घरं तेल जाळून तापवतात आणि ते महाग पडतं. तिथली नाराजी वाढल्यावर पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी घर तापवायच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी थांबवला. परताव्यामुळे बहुतेकांचा फायदाच होतो, हे सरकार चार वर्षं सांगत होतं. मग एका इंधनाला सूट का? सस्कॅचवानमध्ये घरं नैसर्गिक वायूवर तापतात आणि थंडी उणे तीसपर्यंत जाते. आम्ही काय घोडं मारलं, असं त्यांनी विचारलं तर त्यांचं चुकलं नाही. तिथल्या सरकारने जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरचा कर गोळा करणंच थांबवलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या कार्बन कराच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं होतं, पण सगळ्यांना एकच नियम हा आधारच निसटल्यावर कायदा टिकून काय उपयोग? सहा वर्षांतला सगळ्यात महागात पडलेला निर्णय मला हाच वाटतो.

त्यात आकड्यांचा गोंधळ. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयाने दोन प्रकारचे हिशेब मांडले होते. भरलेला कर आणि मिळालेला परतावा एवढंच पाहिलं तर बहुतेक घरं फायद्यात. पण करामुळे अर्थव्यवस्थेवर, पगारांवर, गुंतवणुकीवर होणारा परिणामही धरला तर बहुतेक घरं तोट्यात. हा दुसरा आकडा विरोधकांनी प्रत्येक सभेत वापरला. २०२४ मध्ये त्या कार्यालयानेच कबूल केलं की त्यात कारखान्यांवरच्या वेगळ्या कार्बन किमतीचा परिणामही चुकून मिसळला होता. ऑक्टोबरमध्ये दुरुस्त अहवाल आला आणि तोटा पहिल्यापेक्षा कमी निघाला. पण तोवर 'अ‍ॅक्स द टॅक्स' (कर उडवा) ही तेव्हाचे विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह यांची घोषणा टी-शर्टांवर छापून झाली होती. दुरुस्तीची बातमी मूळ बातमीइतकी कधीच पसरत नाही.

मार्क कार्नी यांनी १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणणाऱ्या आदेशावर सही केली. २८ एप्रिलची निवडणूक त्यांचा पक्ष जिंकला. कारखान्यांवरची कार्बन किंमत त्यांनी ठेवली, आणि उत्सर्जन कमी करण्यात तिचा वाटा ग्राहकांच्या करापेक्षा मोठा मानला जातो. ब्रिटिश कोलंबिया या प्रांताने तर २००८ पासून स्वतःचा कर लावला होता. तिथे सुरुवातीला परतावा मुख्यतः आयकरात कपात करून दिला आणि अभ्यासांच्या आढाव्यानुसार त्या कराने उत्सर्जन ५ ते १५ टक्के कमी राखलं. तो करही १ एप्रिल २०२५ लाच गेला.

युरोपातली तीन उदाहरणं याच्या शेजारी ठेवून पाहा. स्वित्झर्लंडमध्ये घर तापवायच्या इंधनावर २००८ पासून कर आहे, २०२२ पासून टनाला १२० फ्रँक. त्यातले दोनतृतीयांश पैसे लोकांना आणि कंपन्यांना परत जातात. लोकांचा हिस्सा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होतो, लहान मुलांनाही तेवढाच. २०२४ मध्ये आणखी एका पर्यावरण-कराचा परतावा धरून तो माणशी वर्षाला ६४.२० फ्रँक होता. विमा तिथे सगळ्यांना सक्तीचा असल्याने वाटपाचा खर्च जवळजवळ नाही. व्यवस्था म्हणून उत्तम. पण विम्याच्या बिलावरची ती बारीक ओळ किती जण वाचत असतील?

ऑस्ट्रियाने उलट केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर सुरू करताना 'क्लिमाबोनस' (हवामान बोनस) म्हणून ठसठशीत रक्कम दिली, पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला ५०० युरो. त्यातले निम्मे महागाईच्या दिलाशाचे होते. ज्यांचं खातं सरकारकडे नोंदलेलं नव्हतं त्यांना व्हाउचर टपालाने घरपोच. २०२४ मध्ये राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे १४५ ते २९० युरो. हे लोकांना नक्की दिसलं. पण २०२५ मध्ये नव्या सरकारला तूट भरून काढायची होती, त्यांनी बोनस बंद केला आणि कर तसाच ठेवला. कॅनडाने दोन्ही घालवलं, इथे लोकांकडे नुसता कर उरला. ज्यांना पैसे परत देऊ असा शब्द दिला होता, त्यांच्याशी हे वागणं मला अजिबात पटत नाही.

जर्मनीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे २०२१ पासून इंधनावर कार्बन किंमत आहे, २५ युरोंपासून २०२५ मध्ये ५५ युरोंपर्यंत वाढलेली. २०२१ च्याच आघाडी सरकारच्या करारात 'क्लिमागेल्ड', म्हणजे असाच परतावा, देण्याचं आश्वासन होतं. ते कधीच मिळालं नाही. पैशांची ओढाताण हे एक कारण. दुसरं असं की प्रत्येक नागरिकाचा कर क्रमांक आणि बँक खातं जोडणारी यंत्रणाच त्या देशाकडे नव्हती.

ही अडचण वाचून भारतातल्या माणसाला आश्चर्य वाटेल. गॅस सिलिंडरचं अनुदान २०१५ पासून देशभर थेट खात्यात येऊ लागलं. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचा दीड हजारांचा हप्ता कधी जमा होतो याची चौकशी गावोगाव चालते, आणि तो कशाचा आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अर्थात ते पैसे सरकारी तिजोरीतून येतात, कार्बनशी त्यांचा संबंध नाही. पण पोचवायची वाट तयार आहे.

कर म्हणाल तर तोही आपल्याकडे होता. १ जुलै २०१० पासून दगडी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. सुरुवातीला हे पैसे स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी होते. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तेच ४०० रुपये राज्यांना द्यायच्या नुकसानभरपाईच्या उपकरात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर काढला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. पंधरा वर्षांत वीजबिल भरणाऱ्या घराला यातलं काही थेट परत मिळालं नाही, आणि असा कर आहे हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

परत दिले असते तर किती? देशात वर्षाला १०० कोटी टनांहून जास्त कोळसा निघतो. टनाला ४०० रुपये धरले तर ४०,००० कोटी. १४० कोटी लोकांत सारखे वाटले तर माणशी वर्षाला सुमारे २८० रुपये, पाच जणांच्या घराला १,४००. कोळशावरच्या एका युनिट विजेला साधारण पाऊण किलोच्या आत कोळसा लागतो, म्हणजे कराचे २८ पैसे. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराचे वर्षाला ३३६ रुपये झाले. पोलाद आणि सिमेंटच्या किमतीतून आलेला भार धरला तरी हे घर फायद्यात राहतं. महिन्याला ६०० युनिट जाळणाऱ्या, तीन एसी लावलेल्या तितक्याच माणसांच्या घराचे २,०१६ रुपये गेले असते आणि त्यांनाही तेच १,४०० मिळाले असते.